गॅस गिझर का पेटत नाही?

डिसेंबर उजाडला की गॅस गिझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात आणि बहुतेकांची तक्रार एकाच वाक्याची असते: नळ सोडला, पण पेटतच नाही. पावसाळाभर फारसा न वापरलेला गिझर पहिल्या कडाक्याच्या थंडीत दगा देतो. घरात शाळेची, ऑफिसची घाई असते. मग कुणी सेल बदलतं, कुणी सगळे नॉब उलटसुलट फिरवतं, कुणी वरून दोन थापा मारतं. मेकॅनिक येतो, झाकण काढतो, काहीतरी करतो आणि गिझर पेटतो. त्याने काय केलं हे सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं. गॅस गिझरचं न पेटणं हा पुष्कळदा बिघाड नसतोच. काहीतरी अपुरं आहे म्हणून यंत्राने मुद्दाम दिलेला तो नकार असतो. कारण न शोधता तो नकार मोडून काढण्यात जिवाचा धोका आहे.

आपल्याकडच्या घरांत सहसा दिसतो तो टाकी नसलेला, मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी तापवणारा आणि टॉर्चच्या दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर चालणारा गिझर. त्याची रचना समजायला अवघड नाही. पाणी आत शिरतं तिथे रबराचा एक पडदा असतो, मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी पुरेशा जोराने वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पडदा सरकतो. त्याच्या हालचालीने एक पिन पुढे जाते. ही पिन गॅसचा एक व्हॉल्व्ह यांत्रिक रीतीने उघडते आणि त्याच वेळी मायक्रोस्विचही चालू करते. स्विच चालू झाला की सेलमधली वीज छोट्या सर्किटच्या डब्यात पोचते. तिथून बर्नरपाशी टकटक ठिणग्या पडू लागतात आणि सोलेनॉइड नावाचा, विजेवर चालणारा गॅसचा दुसरा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत पेटली की तिच्यात शिरलेल्या एका बारीक दांडीतून अगदी क्षीण प्रवाह वाहतो, कारण ज्योतीतला वायू काही प्रमाणात विद्युतवाहक असतो. सर्किटला तेवढी खूण पुरते. ठिणग्या थांबतात, गॅस चालू राहतो. काही सेकंदांत ही खूण मिळाली नाही, तर सर्किट गॅस बंद करून टाकतं.

म्हणजे पाणी, वीज, गॅस आणि ज्योतीची खूण या चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने जमून आल्या तरच गिझर पेटतो. बिघाड शोधायचा तोही याच क्रमाने, आणि त्यासाठी सुरुवातीला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, कान पुरतात. नळ सोडल्यावर टकटक आवाजच आला नाही, तर दोष पाण्याच्या किंवा विजेच्या बाजूला आहे. गॅसकडे बघायचं कारण नाही. आवाज येतो पण ज्योत दिसत नाही, तर गॅस बर्नरपर्यंत पोचत नाही किंवा ठिणगी चुकीच्या जागी पडते आहे. ज्योत पेटून चार-सहा सेकंदांत विझते, तर सर्किटला ज्योतीची खूण पटत नाही. वेळ लावून, मोठा ‘भप्प’ आवाज करून पेटतो, तर तो वापरणं तिथेच थांबवावं. आणि नळ बंद करूनही ज्योत चालू राहिली, तर सिलिंडरचा रेग्युलेटर आधी बंद करावा, बाकी सगळं नंतर.

पाण्याच्या बाजूबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण न पेटणाऱ्या गिझरचं कारण तिथे दडलेलं असूनही लोक सेल आणि सिलिंडर बदलत बसतात. गिझरच्या पट्टीवर किमान दाब लिहिलेला असतो, साधारण ०.२ ते ०.३ बारच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा एक मीटर उंच असेल तर जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. म्हणजे टाकी गिझरच्या वर किमान अडीच-तीन मीटर हवी, आणि तीही नळातली वळणं, गंजलेले पाइप, अर्धवट उघडणारे कॉक यांत जाणारा दाब सोडून. चार मजली इमारतीत तळमजल्यावर जो गिझर नळ सोडताक्षणी पेटतो, तोच चौथ्या मजल्यावर नेला तर गप्प बसतो, याचं कारण एवढंच आहे. टाकी भरलेली असताना सकाळी सहाला पेटणारा आणि पाणी उतरल्यावर नऊला न पेटणारा गिझरही याच गटातला.

घरच्या घरी करता येण्याजोगी चाचणी सोपी आहे. गिझरमधून येणारा गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून एक लिटरचं भांडं भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावं. पंचवीस सेकंदांहून बराच जास्त वेळ लागत असेल, तर बहुतेक गिझरांना तो प्रवाह अपुरा पडतो. मग प्रवाह कुठे अडतो ते शोधायचं. गिझरला पाणी जिथून जातं त्या जोडणीत एक बारीक जाळी असते. टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात तिच्यात रेती, शेवाळ आणि गंजाचे कण हमखास अडकतात. जाळी काढून, जुन्या दातांच्या ब्रशने धुऊन बसवणं हे घरच्या माणसालाही जमणारं काम आहे, पाण्याचा आणि गॅसचा कॉक बंद करून केलं तर. शॉवरचं तोंड क्षारांनी बुजलेलं असेल तर बालदीच्या नळावर पेटणारा गिझर शॉवरवर पेटत नाही.

मिक्सर नळाचा घोटाळा उन्हाळ्यात जास्त होतो. पाणी फार गरम येतं म्हणून माणूस थंड पाण्याचा नळ वाढवतो. त्यामुळे गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, ते आणखी तापतं, म्हणून आणखी थंड मिसळलं जातं, आणि एका क्षणी पडदा मागे सरकून गिझर विझतो. उपाय उलट दिशेचा आहे. गिझरवर उन्हाळा-हिवाळ्याचा जो नॉब असतो तो उन्हाळ्यावर ठेवायचा, गॅस कमी करायचा, पाण्याचा नॉब वाढवायचा आणि थंड पाणी शक्य तितकं कमी मिसळायचं. हे तीन नॉब कशासाठी आहेत ते घरातल्या प्रत्येकाला एकदा समजावून सांगितलं, तर कितीतरी तक्रारी होणारच नाहीत.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरकडे आणि पुण्याच्या टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत पाणी जड असतं. ते तापलं की त्यातला चुना गिझरच्या तांब्याच्या नळीत आतून थर धरतो. प्रवाह इतका हळूहळू कमी होत जातो की घरातल्यांच्या लक्षात येत नाही. गिझरमध्ये जाणारा पाइप सोडवून पाहिला तर पाणी भरपूर आणि बाहेर येताना मात्र धार बारीक, हे याचं लक्षण. सौम्य आम्लाने नळी आतून धुता येते. ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं, कारण आम्ल जास्त वेळ राहिलं तर तांबंही खातं. डायफ्रामचं रबरही वर्षा-दोन वर्षांत ताठ होतं किंवा चिरतं. सेल नवे, पाणी भरपूर आणि तरीही टकटक नाही, असं असेल तर डायफ्राम किंवा मायक्रोस्विच गेला असं बहुधा समजावं. दोन्ही भाग स्वस्त आहेत. त्यासाठी नवा गिझर घ्यायला लावणाऱ्या माणसाला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

सेलबद्दल एकच बारकावा सांगण्यासारखा आहे. अर्धे उतरलेले सेल ठिणगी पाडू शकतात, पण सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह ओढून धरायला त्यांची ताकद कमी पडते. त्यामुळे टकटक छान ऐकू येते आणि गॅस मात्र येत नाही, आणि सगळे सिलिंडर संपल्याच्या समजुतीत राहतात. म्हणून आवाज येतो म्हणजे सेल ठीक आहेत असं धरून चालू नये. दोन्ही सेल एकदम, एकाच जातीचे बदलावेत, आणि पावसाळ्यात गिझर बंद ठेवायचा असेल तर ते काढून ठेवावेत. पाझरलेल्या सेलमुळे पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि मग नवे सेलही लागू पडत नाहीत. ती पूड बारीक पॉलिश पेपरने घासली की पुष्कळदा काम भागतं.

गॅसच्या बाजूला पहिला प्रश्न दाबाचा. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो, आणि घरातले एलपीजी गिझर त्याच दाबासाठी बनवलेले असतात. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो, म्हणजे शेगडीच्या एका बर्नरच्या कित्येक पट. सिलिंडरमधला द्रव गॅस तेवढ्या वेगाने वायूरूप व्हावा लागतो, त्यासाठी तो बाहेरच्या हवेतून उष्णता घेतो. निफाडकडे पारा एक आकडी होतो अशा पहाटे, सिलिंडर तळाला आलेला असेल तर हा वेग पुरत नाही. शेगडी नीट जळते आणि गिझर मात्र पेटत नाही, यामागे हे कारण असू शकतं. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं हे प्रकार घरोघरी होतात. ते कधीही करू नयेत. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत हाताबाहेर जाते.

नळाने येणारा गॅस म्हणजे पीएनजी, मुंबई-ठाण्यात महानगर गॅसचा आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसचा. तो घरात २१ मिलिबार दाबाने येतो आणि त्यात मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच घनफळातून एलपीजी त्याच्या सुमारे अडीच पट उष्णता देतो. म्हणून दोन्हींच्या गिझरची जेट, म्हणजे गॅस बाहेर पडणारी बारीक छिद्रं, वेगळ्या मापाची असतात. सोसायटीत पाइपलाइन आली की लोक शेगडीची जेट बदलून घेतात आणि गिझर तसाच जोडतात. एलपीजीचा गिझर पीएनजीवर जोडला तर तो पेटत नाही, किंवा मिणमिणता पेटून विझतो. याच्या उलट चूक मात्र घातक: पीएनजीसाठीची मोठी छिद्रं आणि त्यातून एलपीजी आला, तर पिवळी, काजळी सोडणारी लांब ज्योत होते आणि विषारी वायू तयार होतो. जेट बदलायची ती कंपनीच्या माणसाकडूनच, आणि ते मॉडेल त्यासाठी बनलेलं असेल तरच.

बर्नरची स्वच्छता हा पावसाळ्यानंतरचा विषय. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी कोळी जाळं विणतो, झुरळं आणि पाली आसरा घेतात, ठिणगी पाडणाऱ्या दांडीवर दमटपणाने गंज चढतो. दांडीचं टोक आणि बर्नर यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर अंतर लागतं. ती वाकली तर ठिणगी भलतीकडेच पडते. ज्योत ओळखणारी दांडी काजळली की ज्योत डोळ्यांपुढे असूनही सर्किटला दिसत नाही. साफसफाईने हे सगळं सुटतं. मात्र पाच-सहा वेळा नळ उघडबंद करून ‘आता पेटेल’ म्हणत राहणं सोडून द्यावं. प्रत्येक प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस आत साठतो आणि शेवटची ठिणगी तो सगळा एकदम पेटवते. चेहरा गिझरच्या खिडकीशी लावून ज्योत पाहणाऱ्याच्या भुवया आणि पापण्या यातच जळतात. दोन प्रयत्न झाले की गॅस बंद करून, दारं-खिडक्या उघडून पाच मिनिटं थांबावं.

आता मोडून काढलेल्या नकाराबद्दल. पाण्याचा दाब कमी आहे म्हणून मायक्रोस्विचच्या तारा थेट जोडून टाकणं, ज्योत ओळखणारी दांडी सर्किटमधून वगळणं, गॅस कमी पडतो म्हणून हॉटेलात वापरतात तसा दाब वाढवता येणारा रेग्युलेटर बसवणं, स्वयंपाकघरातल्या नळीला टी जोडून साध्या रबरी नळीने गिझरला गॅस देणं, या सगळ्या ‘दुरुस्त्या’ होतात आणि ग्राहक खूश होतो, कारण गिझर पेटतो. पण पाण्याशिवाय पेटणारा गिझर काही मिनिटांत तांब्याची नळी जाळतो, आणि ज्योतीची खूण न मागणारा गिझर वाऱ्याने विझला तरी गॅस सोडत राहतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो फरशीवर आणि मोरीच्या तोंडाशी साठतो. मेकॅनिकने काय केलं हे विचारायचं ते याचसाठी.

यंत्र तपासत असलेल्या चार गोष्टी इथे संपतात. पाचवी, हवा, बहुतेक गिझर नीट तपासत नाहीत. काही मॉडेलांत प्राणवायू कमी झाल्यावर बंद होण्याची सोय असल्याचं सांगतात, पण तिच्या भरवशावर बंद बाथरूममध्ये अंघोळ करू नये. हिशेब करून पाहा. चार फूट रुंद, सात फूट लांब आणि वर माळा असल्याने साडेसात फूट उंच बाथरूम म्हणजे सुमारे सहा घनमीटर हवा. त्यात प्राणवायू सव्वा घनमीटर. तासाला एक किलो एलपीजी जळतो तेव्हा दहा मिनिटांत जवळजवळ ०.४५ घनमीटर प्राणवायू संपतो. दार-खिडकी घट्ट लावलेली असेल तर एका अंघोळीत खोलीतल्या प्राणवायूचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग जातो. त्याच्या कितीतरी आधी जळण अपुरं व्हायला लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा जो वास आपण ओळखतो तो एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. या वायूला तसला काही इशारा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि कडी काढायलाही हात उठत नाही. वाचलेल्यांपैकी काहींना नंतर कंपवातासारखी लक्षणं राहिल्याच्या नोंदी भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाखाली केल्या आहेत.

म्हणूनच न पेटण्याच्या तक्रारींतली एक तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते: आठ-दहा मिनिटं नीट चालतो, मग विझतो, आणि दार उघडल्यावर पुन्हा पेटतो. काही गिझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टायमर असतो, तो प्रकार वेगळा. दार उघडल्यावर पेटणं म्हणजे खोलीत प्राणवायू अपुरा पडला होता. अशा गिझरची दुरुस्ती होत नाही, त्याची जागा बदलावी लागते.

हा धोका गिझरइतकाच जुना आहे. लंडनच्या बेंजामिन मॉगन यांनी १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारं पहिलं घरगुती यंत्र केलं, तेव्हा त्यालाही धुराडं नव्हतं. आपल्याकडचा तांब्याचा बंब या बाबतीत जास्त शहाणपणाचा होता. त्याला मधोमध धुराड्याची नळी असे आणि तो बहुतेक घरांत परसात किंवा मागच्या पडवीत पेटवत. फ्लॅट आले, परस गेलं आणि ज्योत बंद न्हाणीघरात आली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याच प्रश्नाचं वेगळं रूप दिसतं. तिथे घर आणि पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर हिवाळ्यात न पेटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे त्यातून निघणाऱ्या पाण्याचा बाहेरचा पाइप गोठणं. दुसरं म्हणजे आतल्या बंद वाहिन्यांतला दाब एक बारखाली जाणं. हे दोन्ही घरमालक स्वतः पाहू शकतो. पण गॅसचं झाकण उघडायचं ते गॅस सेफ नोंदवहीत नाव असलेल्या माणसानेच, असा कायदा आहे. भाड्याच्या घरातल्या गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे, आणि इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्रही लावावं लागतं. आपल्याकडे आयएसआयची खूण आहे, पण ती गिझरची. तो कुठे आणि कुणी बसवला याकडे पाहणारं व्यवहारात कुणी नसतं. गिझर बसवणाऱ्यांची अशी नोंदणी आपल्याकडेही सुरू व्हायला हवी.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करावं. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळी हवा असलेल्या ड्राय बाल्कनीत किंवा मागच्या गॅलरीत बसवावा आणि पाइपने फक्त गरम पाणी आत न्यावं. तिथे वाऱ्याने ज्योत विझण्याचा त्रास होतो, त्यासाठी वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा, पण प्लायवूडच्या पेटीत गिझर कोंडू नये. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बर्नर, जाळी, डायफ्राम आणि गॅसची नळी तपासून घ्यावी. नळीसाठी तारेचं अस्तर असलेली सुरक्षा होजच वापरावी आणि पाच वर्षांनी ती बदलावी. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं, काडी लावून कधीही नाही. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारं उघडावीत आणि घराबाहेर येऊन एलपीजीसाठी १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि तुमच्या घरातला गिझर आज बाथरूमच्या आत असेल, तर तो पेटत असो वा नसो, बाहेर हलवून होईपर्यंत आत दार लावून कुणालाही त्याखाली अंघोळ करू देऊ नका. बालदी बाहेरच्या नळावर किंवा दार उघडं ठेवून भरा, गिझर बंद करा, आणि मगच अंघोळीला आत जा.